चहाची पिशवी आणि सीमेनचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये अकराला चहा येतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत यायचा. तोंडाला रबर, आत उकळता चहा. पिशवी इतकी तापलेली की चिमटीत धरायची, कात्रीने कोपरा कापायचा आणि कागदी कपांत ओतायची. कितीतरी वर्षं मी तो चहा प्यायले आणि चार पावलांवरच्या मायक्रोस्कोपखाली सीमेनमधले, म्हणजे वीर्यातले, शुक्राणू मोजत बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कधी मनातही आलं नाही.

मग मे 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाचं संशोधन वाचलं. 23 पुरुषांची आणि 47 कुत्र्यांची वृषणं तपासली होती. एकही नमुना कोरा निघाला नाही, सगळ्यांत मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. माणसांत दर ग्रॅममागे सरासरी सुमारे 328 मायक्रोग्रॅम, कुत्र्यांच्या अडीचपटीहून जास्त. आणि सर्वांत जास्त सापडलं ते पॉलिथिन. आपल्या पिशव्यांचं.

माणसांचे नमुने जतन करून ठेवलेले असल्यामुळे त्यांतले शुक्राणू मोजता आले नाहीत. कुत्र्यांचे मोजले. ज्यांच्यात पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) जास्त, त्यांच्यात शुक्राणू कमी. इटलीत 2023 मध्ये दहा निरोगी पुरुषांचं वीर्य तपासलं, तर सहा जणांच्या वीर्यात हे कण होते.

वृषणाभोवती निसर्गाने एक भिंत घातलेली असते. रक्तातलं नको ते शुक्राणू तयार होतात तिथपर्यंत जाऊ नये म्हणून. उंदरांना पॉलिस्टायरीनचे (थर्माकोलच्या प्लास्टिकचे) कण खाऊ घातले तेव्हा ही भिंतच कमकुवत झाली, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं, काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, घटला.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, पुरुषांत हे अजून सिद्ध झालेलं नाही. बरोबर आहे, नाही झालेलं. 1973 ते 2018 या काळात जगभरात शुक्राणूंचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं मोठं विश्लेषण सांगतं. त्याचं सगळं खापर प्लास्टिकवर फोडता येणार नाही. तंबाखू आहे, लठ्ठपणा आहे, कीटकनाशकं आहेत, व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगणं, आहे. पण सिद्ध होईपर्यंत उकळता चहा पिशवीतूनच प्यायचा, हे मला पटत नाही. पिशवी सोडायला खर्च किती येतो? एका किटलीचा.

आणि कागदी कप म्हणजे सुटका नव्हे. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपात 100 मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे 25,000 कण उतरले. एका कपात. आपण दिवसाला किती कप पितो, ते ज्याचं त्याने मोजावं.

माझा खरा संताप मात्र वेगळाच आहे. मूल होत नाही म्हणून आमच्याकडे जोडपी येतात, तेव्हा बाईच्या हातात जाडजूड फाइल असते. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) झालेलं, एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे) झालेलं, दोनदा लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झालेली, उपासतापासही झालेले. नवऱ्याची पहिली तपासणी चौथ्या-पाचव्या वर्षी. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं, आणि ही तपासणी सर्वांत सोपी. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस वीर्यपात टाळायचा, आणि एक डबी.

मागच्या महिन्यात एक तरुण ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. मान वर केली नाही. नमुना पातळ व्हायला अर्धा तास लागला, तेवढा वेळ तो जिन्यात उभा होता. काउंट कमी होता, हालचालही मंद. डॉक्टरांनी त्याला समजावलं की शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज बदललेल्या सवयींचा परिणाम तीन महिन्यांनी दिसू शकतो. गुटखा बंद, आणि गरम काहीही प्लास्टिकमधून नको.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मला थांबवून तिने विचारलं, "ताई, सुनेचं काय निघालं?"

मी म्हटलं, "काकू, आज सुनेची तपासणीच नव्हती."

त्या गप्प झाल्या. तेवढ्यात अकराचा चहा आला, किटलीतून. मी त्यांना स्टीलच्या पेल्यात ओतून दिला.