करड्या पोपटाचे कागद: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. विदेशी पक्षी-प्राण्यांच्या नोंदणीवर लिहिताना मी पाळणाऱ्यांना तस्करांच्या रांगेत बसवलं, हा तुमचा आक्षेप. तुमचा आफ्रिकन ग्रे, म्हणजे आफ्रिकेतला करडा पोपट, 11 वर्षांचा, दुकानातून रोखीनं घेतलेला, पावती नाही. पोटच्या पोरासारखा वाढवला, आता सरकारदरबारी त्याची नोंद कशाला, असं तुम्ही विचारता.

आधी चूक कबूल करतो. ‘बिनकागदाचा पक्षी म्हणजे चोरीचा पक्षी’ हे मी लिहायला नको होतं. पिंजऱ्यात पैदास झालेले ग्रे आपल्याकडेही आहेत. ते वाक्य लेखातून काढलं आहे.

पण नोंदणीच नको, हे मला पटत नाही. हा पक्षी मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला. घानामध्ये 1992 नंतर त्याची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. जंगल तुटलं आणि व्यापारासाठी पक्षी पकडलेही गेले. 2016 साली जोहान्सबर्गच्या बैठकीत साइट्स करारानं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) त्याला पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात घातलं. भारत या करारात 1976 पासून आहे, पण आपल्या वन्यजीव कायद्यात अशा विदेशी जातींसाठी जागाच नव्हती. विमानतळावर बॅगेत सापडला तर कस्टम्सचा गुन्हा, आणि तिथून निसटून बाजारात पोचला की वन खात्याचे हात बांधलेले. 2022 च्या दुरुस्तीतली चौथी अनुसूची, म्हणजे साइट्समधल्या जातींची यादी, ही पळवाट बुजवण्यासाठी आली.

‘घरच्या राघूला बंदी आणि मकाऊला परवानगी, हा कुठला न्याय?’ हा तुमचा सवाल (मकाऊ म्हणजे मोठा विदेशी पोपट) रास्त वाटतो खरा. पण बाजारातला राघू म्हणजे बहुतेक वेळा झाडाच्या ढोलीतून काढलेलं पिल्लू. विणीच्या हंगामात ढोल्या रिकाम्या होतात, म्हणून ती बंदी. बजरीगर (ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो) आणि कॉकाटील हे छोटे विदेशी पोपट चौथ्या अनुसूचीत नाहीत, त्यांची काळजी नको.

मुदतीबद्दलचा तुमचा राग मात्र मला पूर्ण मान्य आहे. जून 2020 मध्ये केंद्रानं सहा महिन्यांची सवलत दिली होती: स्वतःहून माहिती द्या, कागद मागणार नाही. तेव्हा माणसं करोनानं धास्तावलेली, पोपटाची नोंदणी कुणाच्या मनात येणार? पुढे फेब्रुवारी 2024 चे नोंदणीचे नियम आले आणि ऑगस्टअखेर मुदत संपली. अर्ज ऑनलाइन, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर. दुकानांत, पशुवैद्यकीय दवाखान्यांत मराठीत एक साधं पत्रक लावलं असतं तरी कितीतरी लोक वेळेत पोचले असते. शिवाय ज्यानं पावती न देता पक्षी विकला तो मोकळा आणि विकत घेणारा कचाट्यात, हे मलाही सलतं.

तुमचं एक वाक्य तर मनातून जात नाही: ‘कागदाच्या भीतीनं लोक आजारी पक्षी डॉक्टरकडे नेणारच नाहीत.’ हे घडतं. मी पशुवैद्य आहे, रात्री उशिरा चादरीखाली पिंजरा लपवून आणणारे लोक पाहिलेत, आणि तोवर पक्षी श्वासाला मोताद झालेला असतो. उपचाराआधी मी कागद मागत नाही, मागणारही नाही. पण ही भीती जायची तर उशिरा आलेल्यांसाठी दंड भरून का होईना, नोंदणीचं दार उघडं हवं. त्यासाठी लिहीत राहीन.

आणखी एक विचार करा. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तुम्ही साठीचे आहात असं लिहिलंत. तुमच्यानंतर त्याला कोण घेईल? नोंद असेल तर भाचा, शेजारी कुणीही रीतसर सांभाळू शकेल. बिनकागदाच्या पक्ष्याला घ्यायला जवळचं माणूसही कचरतं.

तूर्तास पायातल्या कडीचा नंबर, जुने फोटो, उपचारांच्या चिठ्ठ्या एकत्र करा आणि विभागीय वन कार्यालयाला लेखी विचारा. पत्राची पोच घ्या. तो छातीची पिसं उपटतो म्हणालात, त्यावरचे उपचार मात्र कागदांसाठी लांबवू नका. याच आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर असेल तर आहाराबद्दलही त्यांना आवर्जून विचारा.