सिलेक्ट स्टारने काही फरक पडत नाही? पडतो!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की सिलेक्ट स्टार (म्हणजे टेबलचे सगळेच कॉलम मागणारी डेटाबेस क्वेरी) बिनधास्त लिहा, डेटाबेस तसाही डिस्कवरून अख्खी रो वाचतो, हवं तर स्टारवाली आणि मोजकेच कॉलम मागणारी अशा दोन्ही क्वेरींना एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी चालवून तिचा वेळ दाखवणारी कमांड) लावून बघा टाइम सेमच येतो, आणि नेटवर्क तर आता फास्टच आहे. नवीन पोरं हे वाचून तसाच कोड लिहायला लागलीत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अख्खी रो वाचतो हे अर्धंच खरंय. पोस्टग्रेस डेटाबेस ८ केबीचं पेज (म्हणजे डेटाचा ठरावीक आकाराचा ठोकळा) उचलतं, मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन डिफॉल्टला १६ केबीचं, त्यामुळे चार-पाच छोट्या कॉलमचं टेबल असेल तर फारसा फरक दिसणार नाही, मान्य. पण रो साधारण २ केबीच्या वर गेली की पोस्टग्रेस मोठे टेक्स्ट आणि जेसनबी (जेसन डेटा ठेवायचा टाइप) कॉलम कॉम्प्रेस करतं, तरी मावलं नाही तर तुकडे करून वेगळ्या टोस्ट टेबलमध्ये टाकतं, मूळ रोमध्ये राहतो फक्त पॉइंटर. आता ऑर्डरच्या लिस्टमध्ये नंबर, तारीख आणि रक्कम एवढंच दाखवायचंय आणि त्याच टेबलात पेमेंट गेटवेचा सगळा रिस्पॉन्स जेसनबीमध्ये पडलाय, तर तीन कॉलमची नावं लिहिलीत की टोस्टला हातच लागत नाही, आणि स्टार लिहिलात की प्रत्येक रोमागे ते तुकडे शोधा, जोडा, डीकॉम्प्रेस करा.

मग टाइम सेम का येतो? कारण साधं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी चालवतं पण रिझल्ट क्लायंटला पाठवायच्या फॉर्ममध्ये बदलतच नाही, म्हणजे टोस्टमधून डेटा काढायचा हा खर्च त्यात मोजलाच जात नाही! २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मध्ये यासाठीच सिरियलाइझ ऑप्शन आलाय, तो लावून दोन्ही क्वेरी परत चालवा आणि मग बोला.

इंडेक्सचं (निवडक कॉलमची पटकन शोधता येणारी वेगळी यादी) तर त्या मेसेजमध्ये नावच नाही, आणि खरा फायदा तिथेच आहे. हवे ते सगळे कॉलम इंडेक्समध्येच असतील तर टेबलकडे जायची गरजच पडत नाही, पोस्टग्रेसमध्ये २०१२ च्या ९.२ पासून इंडेक्स ओन्ली स्कॅन आहे (व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या रो साफ करायचं काम, वेळेवर होत असेल तर), मायएसक्यूएलमध्ये एक्सप्लेनच्या एक्स्ट्रा कॉलममध्ये युझिंग इंडेक्स दिसतं. स्टार लिहिलात की बहुतेक वेळा हा रस्ता बंद.

नेटवर्कचं म्हणाल तर डेटा पोचल्यावर काम संपत नाही, ड्रायव्हर तो पार्स करतो, ओआरएम (कोड आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) त्याचे ऑब्जेक्ट बनवतो, रॅम आणि सीपीयू तुमच्या अ‍ॅपचाच जातो. गूगलच्या बिगक्वेरी डेटाबेसच्या ऑन-डिमांड प्लॅनमध्ये तर वाचलेल्या कॉलमच्या बाइटचं थेट बिल येतं, साध्या टेबलवर लिमिट १० लावलं तरी कमी होत नाही.

जँगो या पायथन फ्रेमवर्कवाल्यांनी ओन्ली (फक्त हवे ते फील्ड मागणारी मेथड) जरूर वापरा, पण वगळलेला फील्ड पुढे लूपमध्ये कुणी वापरला तर प्रत्येक रोसाठी वेगळी क्वेरी जाते, म्हणून बदल केल्यावर क्वेरी लॉग उघडून बघाच.