मुलाला बॅटरीची गाडी घेताना फक्त रंग पाहावा

गणपतीला गावी जाताना मुलासाठी बसायची बॅटरीची गाडी न्यायचे ठरले असेल, तर रंगाशिवाय काही पाहू नये. लाल असावी. दरवाजे उघडावेत, चाकांत निळे दिवे फिरावेत आणि स्टेअरिंगवरचे बटण दाबताच अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असे गाणे वाजावे. खोक्यावर ६ व्होल्ट लिहिलेय की १२, हे वाचत बसलात तर कोकणकन्या सुटेल.

तरी कोणी विचारलेच, तर ६ व्होल्टची घेतली म्हणून अभिमानाने सांगा. तिच्यात बहुधा ४.५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) बॅटरी आणि एकच मोटर असते, तीही मागच्या एकाच चाकाला. वेग ताशी तीन-चार किलोमीटर. फ्लॅटच्या हॉलमधल्या गुळगुळीत लाद्यांवर ती झकास पळते, आणि तुम्ही ती नेताय जांभ्याच्या चिऱ्यांच्या खळ्यात. मोटरचे चाक दोन चिऱ्यांच्या फटीवर अधांतरी आले की ते जागच्या जागी गरगरते, दुसरे चाक नुसते शोभेला. १२ व्होल्टची, ७ एएच बॅटरीची, दोन मोटरवाली घेतली असती तर ती चढावरही गेली असती, पण मग सकाळ-संध्याकाळ वाकून गाडी ढकलण्याचा मामाचा व्यायाम बुडाला असता. चाकेही कडक, पोकळ प्लास्टिकचीच पाहा. ती जांभ्यावर इतकी खडखडतात की पोर आल्याची वर्दी गडग्यापलीकडे आपोआप जाते. मऊ फोमची, म्हणजे ईव्हीएची चाके पकड घेतात, आवाज करत नाहीत. असल्या गाडीत काय मजा!

वजनाची मर्यादा २५ किंवा ३० किलो लिहिलेली असते, ती परक्यांच्या मुलांसाठी. आपल्याकडे आरतीनंतर चुलत, मावस, आते मिळून सहा पोरे जमतात. त्यातला चौथीतला दादा चालवायला, धाकटी त्याच्या मांडीवर आणि एक मागे बंपरवर उभा. तेवढ्यात दादा चालत्या गाडीत पुढचा गिअर मागे टाकतो. त्यानंतर मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि गाडी हलत नाही, तेव्हा बॅटरी गेली असे जाहीर करून ती रात्रभर चार्जिंगला लावावी. गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात गेलेत, हे चार स्क्रू काढले की दिसते, म्हणून काढू नयेत. काढलेच तर नवा गिअरबॉक्स मागवताना मोटरचा नंबर आणि दातांची संख्या जुळवू नका. चाकाच्या आतल्या खाचा झिजल्यात का, हेही पाहू नका. कधी कधी दोष तिथेच असतो, पण एवढ्या खोलात कोण जातो.

ब्रेक शोधाल तर सापडणार नाही. बहुतेक गाड्यांना वेगळा ब्रेक नसतो. पायाचे पॅडल सोडले की मोटरच चाकाला थोडी धरते. सपाटीवर एवढे पुरते. आपल्या घरापुढे मात्र उतार, उताराखाली घाटीच्या पायऱ्या आणि कडेला गुडघाभर कठड्याची विहीर. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये असली तर मोटरही धरत नाही. अशा वेळी आईबापांचा रिमोट कामाला येतो. २.४ गिगाहर्ट्झचा तो रिमोट मुलाच्या हातातला ताबा काढून घेऊन गाडी जागीच थांबवतो. त्यात दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, ते खोक्यात नसतात, आणि तो आधी गाडीशी जोडून घ्यावा लागतो. तेव्हा रिमोट बिनसेलचाच आजोबांच्या हाती द्या आणि त्यांना खुर्चीत बसवा. उताराच्या तोंडाशी आडवी फळी लावणे वगैरे फार भित्रेपणाचे.

संध्याकाळी गाडी पुळणीवर न्यायलाच हवी, फोटो तिथेच येतो. कोरड्या वाळूत चाक रुतते आणि मोटर अडून भरमसाट करंट ओढते. मग सीटखालचा फ्यूज तापून वाट तोडतो. तो काही मिनिटांत थंड होऊन आपोआप पुन्हा जोडला जातो. एवढा धीर कोणाला? वाडीतला एखादा हुशार तो फ्यूज काढून वायर थेट पिळून देतो. आता वाळूत अडल्यावर फ्यूज नव्हे, वायर तापते, आणि ती मुलाच्या बुडाखाली असते. ओल्या वाळूवर गाडी पळते छान, पण लाटेचे पाणी पॅडलच्या स्विचमध्ये आणि मोटरमध्ये शिरते. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, बॅटरीच्या पातींना पेट्रोलियम जेली लावली तर त्यांच्यावर हिरवट थर चढत नाही. हे करायचे तर दिवेलागणीनंतरच्या गप्पा चुकतात.

खरी कला मात्र बॅटरीत आहे. आत शिशाची सीलबंद बॅटरी असते आणि तिला मारायला फार कष्ट पडत नाहीत. खोके उघडल्याबरोबर मुलाला बसवा. आधी आठ-बारा तास चार्ज करा, असे पत्रकात लिहिलेले असते, पण पत्रक मखराच्या थर्माकोलबरोबर गेलेले असते. ७ एएचच्या बॅटरीला ७०० मिलीअँपिअरचा चार्जर साधारण बारा तास घेतो. त्यात भाद्रपदातल्या पावसात वीज तीनदा जाणार, ती किती तास गेली हे मोजू नये. स्वस्त चार्जर भरल्यावर आपोआप थांबत नाही, म्हणून तो दोन दिवस लावून विसर्जनाला निघून जावे.

पुढचा टप्पा सोपा आहे. परतीच्या दिवशी गाडी पूर्ण उतरलेली, तशीच पोटमाळ्यावर टाका. शिशाची बॅटरी पडल्या पडल्याही थोडी थोडी उतरत राहते, आणि रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात. कनेक्टर काढून ठेवला आणि गावातल्या कोणीतरी महिन्याला एकदा रात्रभर चार्ज केली तर ती टिकते. पण त्यासाठी काकीला फोन करावा लागतो, आणि फोन केला की गडग्याच्या हिश्शाचा विषय निघतो. शिमग्याला आलात की चार्जर लावा. पाच मिनिटांत हिरवा दिवा लागेल. बॅटरी करंट घेतच नाही, म्हणून तो लागतो. तुम्ही मात्र ती पटकन भरली म्हणून खूश व्हा. मल्टिमीटर लावला असता तर १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी विसावल्यावर पावणेतेराच्या आसपास व्होल्ट दाखवते, हे कळले असते. तोवर पोटमाळ्यावरच्या उंदरांनी वायरींचे काय केलेय, तेही एकदा पाहायला हरकत नव्हती.

नवी बॅटरी खेळण्याच्या दुकानातच मागा आणि ती नाही मिळत म्हणून वैतागा. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, साधारण १५१ मिलिमीटर लांब आणि ६५ रुंद, बहुतेक १२ व्होल्टच्या गाड्यांत तीच बसते. ती कुडाळला मिळते, चिपळूणला मिळते. लाल-काळी वायर उलटी जोडली नाही तर चालतेही. ६ व्होल्टच्या गाडीला मात्र ती बसवायचा उत्साह दाखवाच. मोटर दोन दिवस अशी पळते की बघत राहावे. तिसऱ्या दिवशी जळका वास येतो. जुनी बॅटरी माडाच्या आळ्यात पुरा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे खरी, पण आळे घराशेजारीच आहे.

आयएसआयचा शिक्का शोधायचाही सोस नको. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे आणि विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे भारतीय मानक लागू होते. मग जत्रेतल्या स्टॉलवर स्वस्तात मिळते ती गाडी कोणी घ्यायची? सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी खेळणे चुकूनही घेऊ नका. त्याला चार्जर नाही, फ्यूज नाही, बिघडायला काही नाही. पोराने दिवसभर काय करायचे?

दोन मोसम झाले की गाडी विकायला काढा. फोटो पहिल्या दिवशीचा टाका आणि खाली लिहा, ‘उत्तम स्थितीत, कमी वापरलेली, फक्त बॅटरी बदलावी लागेल.’ गिअरबॉक्सबद्दल घेणारा विचारत नाही. तोही रंगच पाहून आलेला असतो.