दोन लिटर दूध आणि महिन्यात १० किलो: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन बोलू

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय, तुम्हालाही आला असेल. "बारीक पोरांनो, जिमला पैसे घालू नका. घाम गाळला की असलेलं वजन पण उतरतं. आपले पैलवान कधी जिमला गेले? रोज कट्ट्यावरचं दोन लिटर धारोष्ण दूध आणि डझनभर केळी, महिन्यात १० किलो वाढणारच. प्रोटीन पावडरनं किडनी जाते, विशीच्या आत वजन उचललं की उंची थांबते, आणि जिम सोडली की स्नायूंची चरबी होते." माझ्या भाच्यानं हा मला पाठवून विचारलं, मामा हे खरं काय? त्याच्यासारखी ५०-५५ किलोवर अडकलेली पोरं गावात भरपूर आहेत आणि ती हे मनापासून करायला लागतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पैलवानांचं, कारण बाकीचा सगळा मेसेज त्यांच्या नावावर खपतोय. ज्यानं हे लिहिलं त्यानं तालीम आतून बघितलेली दिसत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन उभं राहा. पोरं अंधारातच उठलेली असतात, पहिलं काम म्हणजे हौद्यातली माती फावड्यानं खालवर करायची, तेल, ताक, हळद मुरलेली ती तांबडी माती काय हलकी नसते, नुसती ती उकरतानाच दंड भरून येतात, मग जोर, बैठका, सपाट्या, रस्सी चढणं, मग लढती, आणि संध्याकाळी परत मेहनत आहेच. खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका मारायच्या, गदा आणि करेला (जड लाकडी मुदगल) फिरवायचा, हे वजन उचलणंच झालं की! लोखंडी बार नव्हता तेव्हा जे हाताशी होतं ते उचललं. एवढी मेहनत झाल्यावर मग खुराक. मेसेजवाल्यानं खुराक तेवढा ठेवला आणि मेहनत गाळून टाकली, सगळी गडबड तिथंच आहे.

आणि ताकद म्हणजे काट्यावरचा मोठा आकडा असंही नाही. खाशाबा जाधव, आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमधनं कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले ते ५७ किलोच्या गटात.

आता दूध. दोन लिटर दुधानं वजन वाढतंय का, तर वाढतंय, ते मी नाकारत नाही. हिशोब बघा. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण हजार कॅलरी, म्हणजे दोन लिटरच्या दोन हजार, डझनभर केळ्यांच्या आणखी हजारावर. हे सगळं रोजच्या जेवणावर वरनं गेलं तर काटा हलणारच. पण कसलं वजन? दोन लिटरमध्ये १३० ग्रॅमच्या आसपास नुसतं फॅट आहे, प्रोटीन ७५ ग्रॅमच्या जवळपास, आणि डझनभर केळ्यांतून प्रोटीन मिळतंय फार तर १५ ग्रॅम. स्नायूवर ताण पडला नाही तर शरीराला नवा स्नायू बांधायचं कारणच नसतं, जास्तीचं सगळं पोटावर आणि कमरेवर जातंय, हात तसेच काडीसारखे राहतात. नीट व्यायाम करणाऱ्या नवख्या पोराचा स्नायू सुरुवातीच्या महिन्यांत महिन्याला अर्धा ते एक किलो वाढला तरी उत्तम समजायचं. मग १० किलोतले उरलेले नऊ किलो कसले, तर चरबी आणि पाणी.

शिवाय दोन लिटर प्यायल्यावर जेवण जात नाही. पोट डब्ब होतंय, बऱ्याच जणांना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही त्यामुळं गॅस आणि जुलाब, मग भाकरी राहते, डाळ राहते, अंडी राहतात. अर्धा लिटर प्या, बास झालं. धारोष्णबद्दल बोललं की लोक चिडतात, कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळलेला ग्लास हातात देतात ते आपलं वैभव आहे हे मलाही मान्य, पण कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिस (जनावरांकडनं माणसाला होणारा तापाचा आजार) आणि टीबी होऊ शकतो, आणि जनावर वरनं धडधाकट दिसतंय यावरनं काहीच कळत नाही. तेच दूध घरी आणून उकळा, प्रोटीन कुठं जात नाही.

"घाम गाळला की वजन उतरतं." घाम म्हणजे पाणी, तांब्याभर पाणी प्यायलं की परत जागेवर. तासभर वजनांचा व्यायाम केला तर जातात दोन-तीनशे कॅलरी, एका मोठ्या ग्लास म्हशीच्या दुधात तेवढ्या भरून निघतात. रोज रंकाळा तलावाला पळत फेऱ्या मारून वर खाणं तेवढंच ठेवलं तर वजन उतरेल, ते वेगळं.

किडनीचं. किडनी निरोगी असेल तर व्यायाम करणाऱ्याला लागतं तेवढ्या प्रोटीननं ती खराब होत नाही. आधीच किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका, पावडर असो नाहीतर मटण. आणि पावडर लागतेच असं कुठाय? किलोमागं साधारण १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ५५ किलोच्या पोराला दिवसाला ८८ ग्रॅम. अर्धा लिटर दुधाचे १८, तीन अंड्यांचे १८, वाटीभर मटकीच्या उसळीचे ८, मूठभर शेंगदाण्याचे ७, दह्याचे ५, दोन भाकऱ्यांचे १०, डाळीचे ६, आणि ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांचे १५. झाले की ८७. ज्या दिवशी घरी मटण असेल त्या दिवशी नुसता तांबडा-पांढरा ओरपू नका, फोडी खावा, प्रोटीन फोडीत आहे. कॅलरी रोजच्यापेक्षा तीनशे ते पाचशे जास्त, त्याहून जास्त नको.

उंचीचं एका वाक्यात: जाणकाराच्या नजरेखाली, झेपेल तेवढं वजन आणि नीट पद्धत असेल तर पोरांची उंची खुंटत नाही, धोका आहे तो मित्रांसमोर दाखवायला न झेपणारं वजन उचलण्यात.

स्नायूंची चरबी होत नाही, होऊच शकत नाही, दोन्ही पेशी वेगळ्या. व्यायाम सुटला की स्नायू बारीक होतात आणि खाणं मात्र पैलवानाचंच चालू राहतं म्हणून चरबी चढते, जुने पैलवान सुटलेले दिसतात ते त्यामुळंच. परत सुरू केलं की गेलेला स्नायू पहिल्यापेक्षा लवकर येतो.

मग करायचं काय? आठवड्यातनं तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, खांद्याचा प्रेस, पुलअप. सहा ते बारा रेप्स (म्हणजे एका दमात तेवढ्या वेळा उचलायचं), असे तीन सेट, शेवटी एखाद-दुसराच रेप शिल्लक राहील एवढं वजन, आणि बारा आरामात निघायला लागले की वजन थोडं वाढवायचं. वही ठेवा, नाहीतर महिनोन्‌महिने तेच डंबेल हलवत बसाल. नुसते जोर मारायचे तरी असंच, शंभर जोर सहज निघत असतील तर पाठीवर वजन घ्या. झोप सात-आठ तास.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण त्याच्या मागोमाग येते म्हणून सांगतो. दुधानं १० किलो झाले नाहीत की पोरं वजन वाढवायच्या गोळ्या नाहीतर बिननावाचे डबे आणतात. त्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा सायप्रोहेप्टाडिन असतं, ते मूळचं ॲलर्जीचं औषध, त्यानं भूक आणि झोप दोन्ही वाढते. काहींत डेक्सामेथासोन असतं, हे स्टेरॉइड. त्यानं अंगात पाणी धरतं, गाल वर येतात, घरचे म्हणतात पोरगं बाळसं धरतंय, आणि आत स्नायू आणि हाडं झिजत असतात. कुणी असलं काही आठवडे घेत असेल तर एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं आणि अचानक तोडल्यानं जिवावर बेतू शकतं. गोळीचं पाकीट किंवा डबा सोबत घेऊन फिजिशियनकडं जा, ते हळूहळू कमी करून देतील. आणि नीट जेवूनही वजन आपोआप उतरत असेल तर खुराक वाढवायच्या आधी थायरॉइड, शुगर आणि टीबीची तपासणी करून घ्या.