‘तीन वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला ऐकू नका

“बाळाला कमी ऐकू येतं असं सांगितलं तरी घाई करू नका. तीन वर्षांपर्यंत कान आपोआप सुधारतात. टाळीला वळतं म्हणजे ऐकू येतंच. कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लवकर लावलं तर आहे तेही ऐकू येईनासं होतं. लावायचंच तर कानात लपणारं, एकाच कानाला आणि महागातलं घ्या.” अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्यावर विसंबून तपासणी पुढे ढकलणारे आईबाप आहेत, म्हणून एकेका वाक्याला उत्तर.

सगळ्यात घातक ते आपोआप सुधारण्याचं. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ते बहुतेकदा ओसरतं, एवढं खरं. पण आतल्या कानातल्या पेशींमुळे जन्मापासून असलेला दोष वाट पाहून जात नाही. दोन्हींतला फरक टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल पाहणारी) आणि बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी) या तपासण्यांत कळतो. बेरा बाळ झोपलेलं असतानाच करतात, त्यामुळे ‘अजून लहान आहे’ ही सबब चालत नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, हा अनेक देशांत मानला जाणारा क्रम आहे. मेंदूतला ऐकण्याचा भाग सुरुवातीच्या वर्षांत कानावर पडणाऱ्या आवाजांवरच घडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं भाषेत उशिरा निदान झालेल्यांच्या स्पष्टपणे पुढे होती. शिवाय मशीन पुरेसं पडलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र, लागतं, आणि जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साहाय्यक साधनं देणारी योजना) ते साधारण ५ वर्षांपर्यंतच मिळतं. त्याआधी काही महिने मशीन लावून पाहावं लागतं. तीन वर्षं नुसती थांबण्यात घालवली तर या सगळ्याला वेळ उरतो किती?

टाळीवर भरवसा नको. ती मोठ्याने वाजते, हात हललेला दिसतो, आणि बाळ वळतं. उंच पट्टीतलं न ऐकणारं मूलही वळेल, पण त्याला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येणार नाहीत. ‘बस’ त्याच्यापर्यंत ‘ब’ एवढीच पोचते. मशीन लावल्यावर रोज सकाळी मुलाच्या पाठीमागून आ, ई, ऊ, म्, स्, श् हे सहा आवाज नेहमीच्या बोलण्याइतक्या आवाजात काढून पाहा. एखाद्याला प्रतिसाद येईनासा झाला तर ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला) कळवा.

मशीनमुळे ऐकू येईनासं होण्याची भीती मी उडवून लावणार नाही. बाळाच्या कानाची नळी इवलीशी असते, त्यामुळे तेच सेटिंग मोठ्या माणसापेक्षा तिथे जास्त जोरात पडतं. म्हणून कानात बारीक नळी घालून आवाज मोजतात आणि त्यावरून मशीनची कमाल मर्यादा बसवतात. अशा मशीनला घाबरायचं कारण नाही. आजोबांचं जुनं मशीन नातवाला लावणं किंवा ऑनलाइन आवाज वाढवणारं यंत्र मागवणं मात्र खरंच धोक्याचं. ‘बाळाच्या कानात मोजून सेट केलंत का?’ हे विचारायला लाजू नका.

लपणारं मशीन लहान मुलाला चालत नाही. कान वाढतो, म्हणून पहिल्या वर्षात मोल्ड (मशीनचा कानात बसणारा, कानाच्या मापाचा भाग) दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागू शकतो. कानामागच्या मशीनचा फक्त मऊ मोल्ड बदलतो, मशीन तेच राहतं. शिट्टी वाजू लागली की मोल्ड बहुधा सैल झालेला असतो. अशा वेळी आवाज कमी करणं किंवा मशीन काढून ठेवणं हा उपाय नव्हे, नवा मोल्ड करून घ्या. बॅटरीच्या झाकणाला कुलूप हवंच, आणि बॅटरी गिळली गेली तर ताबडतोब रुग्णालय गाठा. लपवण्याची गरज बाळाला नसतेच, ती लग्नकार्यात लोक काय म्हणतील या धास्तीतून येते, आणि त्या धास्तीची किंमत मुलाने का मोजावी?

दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर मशीनही दोन्हींना. आवाज कुठून आला हे ओळखायला आणि गोंगाटात बोलणं पकडायला दोन कान लागतात.

राहिली किंमत. ब्लूटूथ नसलं तरी चालेल. पुरेशी ताकद, नीट बसणारा मोल्ड, मोजून केलेलं सेटिंग आणि जागेपणी सतत वापर, हे हवं. एडिपमधून पात्र कुटुंबांना मशीन मोफत मिळतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची केंद्रं जिल्ह्यांतही आहेत. कर्ज काढण्याआधी तिथे चौकशी करा. वाचलेला पैसा मोल्ड, बॅटऱ्या आणि स्पीच थेरपीच्या फेऱ्यांना लागणारच आहे.