मानशीचं दार एकदा बघून या

पुरावरचा तुमचा लेख आवडला पण शेवटी उपाय म्हणून परत मोठे पंप आणि सेन्सरच आलेत, ते वाचून राहवलं नाही. आमच्या गोव्यात खाजन शेती, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेली शेती, शेकडो वर्षं समुद्रसपाटीच्या खाली उभी आहे, आणि तिचं सगळं गणित मानशीच्या, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेच्या, लाकडी दारावर चालतं. दोन फळ्या, नदीच्या बाजूला उघडणाऱ्या, बस्स. भरती आली की खारं पाणीच त्यांना ढकलून गच्च बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याच फळ्या उघडून बाहेर जातं. ना वीज, ना डिझेल, ना रात्री जागणारा माणूस!

लहानपणी मामाबरोबर मानशीवर बसून मी ते बघितलंय, पाणी उलटं फिरलं की आधी फळी थरथरते मग धप्प असा आवाज येतो आणि गळती थांबते. फटीत चिखल आणि पेंढा कोंबायचा, झाली दुरुस्ती.

आता हे पण खरं की दार साधं असलं तरी त्याच्यामागे माणसं लागतात. आमच्याकडे मासळीसाठी कोणीतरी भरतीला दार उघडं ठेवलं, बांधाकडे दोन वर्षं कोणी फिरकलं नाही, आणि खारेपणा सोसणारं कोरगूट भात पिकायचं त्या शेतात आज खारफुटी वाढलीय. कोट्यवधींची योजना आणण्याआधी बांधावर चार टोपल्या चिखल वेळेवर टाका आणि फळ्या बदला, एवढंच मागणं आहे हो.