लॉस एंजेलिस ‘बळकावलं’ म्हणे!

‘अमेरिकेच्या मोठ्या शहरांत हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकन घुसखोर, इतके माजलेत की ती शहरं अमेरिकनांच्या हातून गेली. हे लोक इंग्रजीही शिकत नाहीत.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. दोन वाक्यांत एवढी चुकांची दाटी क्वचितच बघायला मिळते.

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले आणि त्यांचे वंशज. ते सगळे मेक्सिकन? देशभराचा हिशेब धरला तर साधारण साठ टक्के, हो. पण मायामीत क्यूबन, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये डोमिनिकन, ब्राँक्समध्ये पोर्तो रिकन भरपूर. पोर्तो रिको हे अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट; तिथली माणसं तर १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांना घुसखोर म्हणणं म्हणजे रत्नागिरीहून मुंबईला आलेल्याकडे पासपोर्ट मागणं.

बाकीचे तरी घुसखोर? हिस्पॅनिकांपैकी पाचांतले चार अमेरिकेचे नागरिक आहेत. दोन तृतीयांश तर तिथेच जन्मलेत.

आता ‘हातून गेली’. मुळात होती कुणाच्या हातात? लॉस एंजेलिस वसवलं १७८१ मध्ये, आजच्या मेक्सिकोतल्या सोनोरा-सिनालोआ प्रांतांकडून आलेल्या ११ कुटुंबांतल्या ४४ जणांनी. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं. टेक्ससमधलं सॅन अँटोनियो त्याहून जुनं, १७१८ चं. कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला तो मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर, १८४८ च्या तहाने. माणसं होती तिथेच राहिली, सरकार बदललं. पुढे १९३०च्या मंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखोंना सीमेपार धाडलं, त्यांत अमेरिकेत जन्मलेलेही होते. आणि १९४२ मध्ये शेतात माणसं कमी पडली तेव्हा सरकारनेच करार करून मेक्सिकोतून मजूर बोलावले; ती योजना १९६४ पर्यंत चालली. हे फॉरवर्डमध्ये कशाला येईल!

शिकागोतलं पिल्सन हे उपनगर घ्या. एकेकाळी तिथे चेक लोकांची वस्ती, नावही त्यांच्याकडच्या शहराचं. नंतर तिथे मेक्सिकन कुटुंबं आली, भिंतींवर मोठाली चित्रं रंगली, टाकोची दुकानं थाटली. आता भाडी एवढी चढलीत की तीच कुटुंबं बाहेर पडताहेत. मग पिल्सन नेमकं कुणी बळकावलं?

इंग्रजीचं म्हणाल, तर अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिकांपैकी दहांतले नऊ उत्तम बोलतात. घराघरांतली तक्रार उलटी आहे: नातवंडांना आजीशी स्पॅनिशमध्ये धड बोलता येत नाही.

संख्या वाढली, हे मात्र खरं. लॉस एंजेलिसमध्ये हिस्पॅनिक आज जवळपास निम्मे आहेत. पण २००० ते २०१० या दशकात देशभरच्या मेक्सिकन वंशीयांत जन्मांनी सुमारे ७२ लाखांची भर घातली, नव्याने आलेल्यांनी सुमारे ४२ लाखांची. आणि २००९ ते २०१४ मध्ये तर मेक्सिकोतून आले त्यापेक्षा परत गेले जास्त.